वहीतली दुरुस्ती

नांदेड
२४ जून २००७

शांताक्काला बानोचा सलाम.

तुझं पत्र भेटलं. या वेळीबी परीक्षेच्या पेपराच्या कोऱ्या पाठीवरच लिहिलंस. माझी उमैमा म्हणती, मावशीचं पत्र दोन्हीकडून वाचावं, इकडं खुशाली आन् तिकडं बेडकाचं हृदय. फोन केला तर दोन मिनिटांत तू ‘ठेव आता, बिल चढतंय’ म्हणतीस, म्हणून मी बी लिहून राहिले.

भाईजान मुज्तबाची पोरगी तूबा उमरीहून माझ्याकडं राहायला आली. यंदा बारावी, आन् सोबत डॉक्टरकीचा क्लास. क्लासमध्ये दर काही दिवसांनी दोनशे प्रश्नांची टेस्ट असती आन् तिच्या मार्कांवर बॅच ठरती. पहिल्या बॅचला चांगले सर, तिसऱ्या बॅचला कुणीबी. भाईजाननं साफ सांगून ठेवलंय, ‘पहिल्या बॅचमध्ये टिकली तर शिकू दे. नाहीतर ईदला येईन आन् घेऊन जाईन.’ पोरगी हुशार हाय, मला फिकीर न्हाई. पहिल्याच टेस्टला आठशेपैकी पाचशे चाळीस पडले.

दुसरी खबर उमैमाची. तिनं तो प्रोग्राम केला होता ना, पोरं गोल काळे करतात तो कागद वाचून मार्क काढणारा, तो आता नांदेडातले पाच क्लास वापरून राहिले. तूबाचा क्लासबी. पैसे घेत न्हाई. इंटरनेटवर ठेवून दिलाय, कुणीबी उचलावा, आपल्या सोयीनं बदलावा. एवढंच म्हणणं, की कुणी काही सुधारलं तर तिला परत कळवावं. मग ती ते मूळ प्रोग्रामात घालती आन् तिथून सगळ्यांना जातं. परभणीच्या एकानं छपाईची सोय करून धाडली, तर तिनं त्याचं नावबी आत लिहिलं. मी म्हणाले, ‘बाई गं, फुकट देतीस आन् वरून नावबी दुसऱ्याचं लिहितीस?’ तर म्हणती, ‘अम्मी, तुला नाही कळायचं.’

तुझा लेक सिद्धू नोकरीला हाय त्या क्लासात हाच चालतो म्हणे. कसा चालतो ते कळव, पोरीला बरं वाटंल.

तुझी बानो


लातूर
१५ जुलै २००७

॥ श्री गुरुबसव ॥

चि. बानो हिला शांतम्माचा आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. पाऊस बेताचा आहे. उमैमाचं ऐकून फार समाधान वाटलं. भूकंपानंतर आपण शेडमध्ये राहत होतो तेव्हा पत्र्यावर कोळशानं आकडे लिहीत बसायची, ते डोळ्यांपुढं आलं.

सिद्धूच्या क्लासमध्ये तिचाच प्रोग्राम आहे. त्याआधी वीरण्णा सर, म्हणजे क्लासचे मालक, कागद माझ्याकडं तपासायला पाठवायचे. मी पुठ्ठा करत असे. बरोबर उत्तराच्या जागी भोक पाडायचं, पुठ्ठा पोराच्या कागदावर ठेवायचा, भोकातून जेवढे काळे दिसतील तेवढे बरोबर. मशीन आल्यावरही मी महिनाभर घरी पुठ्ठा लावून ताळा घेत होते. सिद्धू हसायचा, ‘अव्वा, तुझा देवावर विश्वास आहे, मशीनवर नाही.’ सुरुवातीला थोडं इकडं-तिकडं झालं, ते त्यानं बसवून घेतलं. आता छान चालतं. पुठ्ठा मी माळ्यावर टाकला.

तूबाला सकाळी लवकर उठायला लाव. अंगारा पाठवते, तुमच्यात चालत नसला तर तुळशीत टाक.

शांतम्मा


नांदेड
२० ऑगस्ट २००७

शांताक्का,

हे पत्र मन भरून आलं म्हणून लिहून राहिले.

तूबाला जुलैच्या टेस्टात दोनशे दहा पडले. मागच्या रविवारी एकशे पंच्याऐंशी. पहिल्या बॅचमधून दुसरीत टाकलं. अक्का, मी पोरीसमोर पुस्तक धरून बसते. ती डोळे मिटून घडाघडा सांगती, एक अक्षर इकडचं तिकडं होत न्हाई. मग कागदावर काय होतं?

क्लासात गेले, म्हणाले, पोरीचा कागद दाखवा. सर म्हणाले, ‘बाई, कागद परत देत नाही आम्ही. आणि मशीन खोटं बोलत नसतं.’ आता मशीनमधला प्रोग्राम आपल्याच पोरीचा, त्याच्याशी काय भांडू? उलट उमैमाच तूबावर चिडली. ‘माझ्या प्रोग्रामपुढं माझी इज्जत घालवून राहिलीस’ म्हणाली. हसत म्हणाली, पण तूबा हसली न्हाई.

सिद्धूला विचार, त्याच्याकडं हुशार पोरांचे मार्क असे पडतात का. काही युक्ती असंल तर कळव. भाईजानला मी अजून काही सांगितलं न्हाई. ईद ऑक्टोबरात हाय.

बानो


लातूर
२७ ऑगस्ट २००७, श्रावण सोमवार

॥ श्री गुरुबसव ॥

चि. बानो हिला आशीर्वाद.

पत्र वाचलं. पोरीला रागावू नको. या वयात असं होतं. रात्री भिजवलेले बदाम दे, जास्त नको, चार पुरे. मी आजच्या उपासात तिचं नाव घेतलं आहे.

एक सांगते, ते मात्र नक्की करायला लाव. कागदावर पन्नास-पन्नास प्रश्नांचे चार रकाने असतात. त्यातल्या पहिल्या तीन रकान्यांचा शेवटचा प्रश्न, म्हणजे पन्नासावा, शंभरावा आणि दीडशेवा, हे कोरे सोडायचे नाहीत. येत नसला तरी कुठला तरी एक गोल काळा करावा. का, ते विचारू नको. आमच्याकडं तशी पद्धत आहे.

सिद्धूला कामाचा फार ताण आहे, त्याला विचारणं झालं नाही.

शांतम्मा


नांदेड
१७ सप्टेंबर २००७

शांताक्का,

तुझा निरोप तूबाला सांगितला. तिनं ऐकला न्हाई. ती म्हणती, ‘फुप्पू, आम्हाला चुकीला मार्क कापतात. जे येत न्हाई ते कोरं सोडायचं, असं सरांनी पहिल्या दिवशी सांगितलंय. आन् येत नसताना येतं म्हणून गोल काळा करायचा, तेबी रोजा धरून? मावशी भल्या हायत, पण असले टोटके मला नको.’ का करायचं ते तूच लिहिलं न्हाईस.

काल तिसऱ्या बॅचमध्ये टाकलं. क्लासातूनच उमरीला फोन गेला. मग भाईजानचा मला फोन आला. एवढंच म्हणाला, ‘बानो, कागदावर लिहून आलेलं मी एकदा वाचलंय. त्याच्याशी भांडता येत न्हाई. ईदला येतो.’ तुला कळलंच, तो कशाचं बोलला ते. भूकंपात मेलेल्यांच्या यादीत माझं नाव वाचून अब्बाला सांगायला तोच गेला होता. सरकारी यादी, दोन दिवस उशिरा सुधारली.

तूबा आता पाठ म्हणून दाखवत न्हाई. पुस्तक मिटून बसती. काल म्हणाली, ‘फुप्पू, मला वाटतं की मला येतंय, पण येत नसतं. मग मला खरंच काय येतं, तेच कळंना.’ अक्का, नापास झालेलं पोर मी पाहिलंय. असं न्हाई पाहिलं.

बानो


लातूर
३० सप्टेंबर २००७

॥ श्री गुरुबसव ॥

बानो,

आज भूकंपाला चौदा वर्षं झाली. सकाळची पूजा मांडली आणि ती तशीच ठेवून लिहायला बसले.

तुझे अब्बा सरकारी यादीनं गेले नाहीत. माझ्यामुळं गेले.

तुला आठवत असेल, किंवा तू दवाखान्यात होतीस म्हणून नसेलही, रस्त्यावरच्या मोठ्या तंबूत गेलेल्यांची मूळ यादी होती. कुठल्या घरात कोण झोपलं होतं त्या अंदाजानं पहिल्या दिवशी लिहिलेली. तिच्यात तुझं आणि उमैमाचं नाव होतं. मी मॅट्रिक, अक्षर बरं, म्हणून आमच्या शेडसाठी तिची नक्कल करायचं काम माझ्याकडं आलं. कुणी जिवंत सापडलं की मी माझ्या वहीत नाव खोडायचं आणि संध्याकाळी ती वही तंबूत नेऊन मूळ यादीत दुरुस्ती करून घ्यायची, असं ठरलं होतं.

सोमवारी दुपारी ट्रकवाला सोलापूरच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन आला. तुम्ही दोघी जिवंत. मी वहीत तुमची नावं खोडली आणि खूप रडले. त्याच दिवशी पहिल्यांदा पाण्याचा टँकर आला होता. चार दिवस माझी लिंगपूजा झाली नव्हती. मी म्हटलं, आधी अंघोळ आणि पूजा करू, वही उद्या नेऊ. माझ्या वहीत बरोबर आहे ना, मग झालं. असंच वाटलं मला. मंगळवारी अंग तापानं भरून आलं. बुधवारी वही नेली. मंगळवारी मुज्तबाभाई उमरीहून येऊन मूळ यादी वाचून परत गेले होते. अब्बांनी त्या रात्री अंथरूण धरलं ते उठलेच नाहीत.

चौदा वर्षं तू सरकारला बोलतेस आणि मी ऐकून घेते.

आता दुसरं. मी पुठ्ठा लावून ताळा घेत होते ना, तेव्हा तीन पोरांचे मार्क जुळेनात. तिघांनीही पन्नासावा प्रश्न कोरा सोडला होता. रकान्यातला शेवटचा प्रश्न कोरा असला की मशीनला तो रकाना एकोणपन्नासाचाच वाटतो, आणि पुढच्या रकान्यातलं पहिलं उत्तर ते पन्नासावं म्हणून घेतं. तिथून पुढची सगळी उत्तरं एक-एक घर वर सरकतात. सगळं ठोकून देणाऱ्या पोराला काही होत नाही. न येणारं इमानानं सोडणाऱ्याचंच नुकसान होतं. सिद्धूनं दोन दिवसांत ते दुरुस्त केलं, आमच्या क्लासपुरतं. वीरण्णा सर म्हणाले, ‘बाहेर सांगायचं नाही. नांदेडचे निकाल पडले तर पोरं लातूरलाच येतात.’ तुला पंधरा जुलैला लिहिलं तेव्हा मला हे माहीत होतं.

परवा सिद्धूला म्हटलं, उमैमाला पाठव. तो म्हणाला, ‘अव्वा, नोकरी जाईल. शेडमधून आलो तेव्हा सरांनीच उभं केलं आपल्याला.’ म्हटलं, तू पाठवू नको, मी पाठवते. ‘तुला काय कळतं त्यातलं?’ म्हटलं, मला पुठ्ठ्यातलं कळतं.

पुठ्ठा सोबत ठेवला आहे. त्या तीन पोरांच्या कागदांची हातानं केलेली नक्कलही आहे, नावं गाळली आहेत. हे उमैमाला ताबडतोब दे.

शांतम्मा


नांदेड
२१ ऑक्टोबर २००७

शांतामावशी,

अम्मी तुम्हाला लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

तुमचं पत्र सहा तारखेला आलं. अम्मीनं पहिलं पान वाचलं आणि पाकिटासकट पेटीत ठेवून कुलूप लावलं. माझ्याशी बोलली नाही, कुणाशीच नाही. मला वाटलं, रोजे लागले असतील. पुढची पानं तिनं उघडलीच नाहीत. पुठ्ठा का पाठवलाय, तिला माहीत नव्हतं. चौदाला ईद झाली. पंधराला मुज्तबामामू तूबाला घेऊन गेले. ती पुस्तकं इथंच सोडून गेली.

सोळाला अम्मीनं पेटी उघडली आणि सगळं माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, ‘यात तुझ्या कामाचं काही आहे का बघ.’

मी तुमचा पुठ्ठा लावला, मग ते तीन कागद प्रोग्रामात घातले. तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच होतं. चूक माझीच, दोन वर्षांपासूनची. मी सगळ्या तपासण्या पूर्ण भरलेल्या कागदांवर केल्या होत्या. कोरा सोडणारं कुणी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मी तूबाला काय बोलले, ते अम्मीनं तुम्हाला लिहिलं असेलच.

त्याच दिवशी दुरुस्ती करून सगळ्या क्लासना कळवलं. तीन दिवसांनी सिद्धूदादानं त्याची दुरुस्ती पाठवली, स्वतःच्या नावानं. ती माझ्यापेक्षा नीट होती, म्हणून तीच मूळ प्रोग्रामात ठेवली. आत ज्यांनी सुधारणा केली त्यांची यादी असते. तिच्यात त्याचं नाव घातलं, आणि खाली ‘चूक शोधली : शांतम्मा, लातूर’ असं लिहिलं. काढायचं असलं तर सांगा.

क्लासनं मार्क परत काढले. तूबाचे जुलैचे पाचशे अठ्ठेचाळीस, ऑगस्टचे पाचशे सत्तर. पहिल्या टेस्टला तिनं ते तिन्ही प्रश्न सोडवले होते, म्हणून तेव्हा काही झालं नव्हतं. अम्मी उद्या उमरीला जाणार आहे.

एक विचारते, राग मानू नका. पत्रात अम्मीच्या अब्बांचं आधी का लिहिलंत? तूबाचं आधी लिहिलं असतं तर?

उमैमा


नांदेड
२९ ऑक्टोबर २००७

शांताक्का,

तुझ्यावर किती राग धरायचा, ते मी पेटीला कुलूप लावून दहा दिवस ठरवत होते. तेवढ्यात माझी भाची गेली. तुझी एक संध्याकाळ आन् माझे दहा दिवस. आता तुला शिव्या द्यायला बसले तर त्यातल्या अर्ध्या मलाच लागतात. म्हणून अब्बाचं मी आत्ता काही लिहीत न्हाई. लिहीन तेव्हा लिहीन.

उमरीचं सांगते. नवी मार्कांची यादी भाईजानपुढं ठेवली. त्यानं हातबी लावला न्हाई. म्हणाला, ‘आधीची यादीबी खरीच म्हणून दिली होती ना? मग ही कशी खरी? उद्या अजून तिसरी येईल.’ तो यादीवर विश्वास कसा ठेवणार, तूच सांग.

मग सोबत आलेल्या उमैमानं पिशवीतून पुठ्ठा काढला. तुझा पाहून तिनं तूबाच्या ऑगस्टच्या पेपराचा बनवला होता, आन् या वेळी क्लासातून तिचा कागद भांडून आणला होता. तूबाला म्हणाली, ‘तूच ठेव.’ तूबानं पुठ्ठा कागदावर बसवला आन् बापाला म्हणाली, ‘अब्बू, मोजा.’ भाईजाननं बोट ठेवून एक-एक भोक मोजलं. मध्येच चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चौथा रकाना संपला. मग तूबाला म्हणाला, ‘बॅग भर.’ तिच्याकडं न पाहताच म्हणाला.

ती इथं आली. पहिल्या बॅचमध्ये बसती. पण अक्का, अजून दर प्रश्नाला पुस्तक उघडून ताळा घेती. आधी घेत नव्हती.

निघताना भाईजाननं विचारलं, ही पुठ्ठ्याची अक्कल कुणाची? मी खोटं बोलू शकले असते. न्हाई बोलले. सगळं सांगितलं, वहीचं आन् सोमवारचंबी. तो दारातच उभा होता. एवढंच म्हणाला, ‘तिला लिहून विचार. त्या सोमवारी तिच्या वहीत तुमची दोघींचीच नावं खोडली होती, का अजून कुणाची?’

विचारून राहिले.

बानो


लातूर
५ नोव्हेंबर २००७

॥ श्री गुरुबसव ॥

बानो,

आधी तूबासाठी. सिद्धूनं चार पेपर काढून दिले आहेत, सोबत उत्तरांचे पुठ्ठे मी केले आहेत. तिला घरीच सोडवू दे आणि स्वतः मोजू दे. महिनाभर मोजलं की पुस्तक उघडायची गरज वाटणार नाही. मलाही असंच झालं होतं.

सिद्धूकडून वीरण्णा सरांनी क्लासच्या चाव्या मागून घेतल्या. तो घरी आहे. माझ्याशी कमी बोलतो, पण काल उमैमाच्या प्रोग्रामात काहीतरी अजून सुधारत बसला होता. माझं नाव यादीत राहू दे म्हणावं. सोबत तारीखही लिहायला सांग, चूक सापडली कधी आणि कळवली कधी. दोन्ही लिहायला सांग.

उमैमाच्या प्रश्नाला माझ्याकडं एकच उत्तर आहे. मला माझं ओझं आधी उतरवायचं होतं. त्या सोमवारीही तेच केलं होतं.

आता मुज्तबाभाईंच्या प्रश्नाचं. वही मी जपून ठेवली आहे. तुझं पत्र आल्यावर चौदा वर्षांनी उघडली. त्या सोमवारी मी सहा नावं खोडली होती. दोन तुमची. उरली चार. ते चौघं जिवंत होते, हे मला माहीत होतं. मंगळवारी आणि बुधवारी त्यांच्यासाठी तंबूत येऊन कोण काय वाचून गेलं, आणि घरी जाऊन कुणाला काय सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही.

पहिलं नाव केवळाबाईचं. तिचा मुलगा नागसेन तेव्हा धर्माबादला होता, अजून तिथंच आहे असं कळलं. पत्र टाकणार नाही. पत्र पेटीत पडून राहतं. मी स्वतः जाते. सिद्धू म्हणाला, ‘अव्वा, थांब, दिवाळी झाल्यावर जाऊ.’ मी वही पिशवीत ठेवली.

आज सोमवार आहे. सातची गाडी आहे. पूजा आल्यावर करीन.

शांतम्मा